सूर्यलंकेचा रावस

हैदराबादच्या कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने गौरीला विचारलं, "आयनकी मीरु एमौतारु?" आणि गौरी थांबली. फार नाही, घशातला घोट खाली उतरावा तेवढंच. मग म्हणाली, "कोडलु." सून. मुलीने मान हलवून पुढचं नाव पुकारलं. मोतीबिंदू काढल्यानंतरच्या तपासणीला आलेले एकनाथराव बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत डोळ्यांत थेंब घालून बसले होते, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत. उजेड हळूहळू सांडायला लागला होता. दाराची चौकट, पंखा, समोरच्या बाईची पिवळी साडी, सगळ्याच्या कडा विरघळत चालल्या होत्या. पण ते थांबणं मात्र त्यांना लख्ख दिसलं. तेलुगूत विचारतात, तुम्ही यांच्या काय होता; मराठीत विचारतात, कोण लागता. त्यांच्या मनात आलं, होणं आणि लागणं, दोन्ही आपल्या मुलामुळे, ओमकारमुळे होतं. ओमकार नाही म्हटल्यावर ही मुलगी आपली काय होते, कोण लागते? आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नसावं. आज विचारलं, आणि ती थांबली.

आबिड्सच्या एका मोठ्या कापडदुकानात सूटिंगच्या काउंटरवर त्यांचं सगळं आयुष्य उभ्याने गेलं होतं. गिऱ्हाईक बोलतं ते ऐकायचं नसतं, बोलायच्या आधी ते कुठे थांबतं ते बघायचं, हे तिथे शिकले होते. कापडावर हात ठेवून माणूस थांबला की समजायचं, घेणार आहे, पण घरातलं कुणीतरी आठवलंय. दवाखान्यातून बाहेर पडताना गौरीने त्यांचा दंड धरला. कोठीचा रस्ता पांढराशुभ्र पेटल्यासारखा दिसत होता. पुस्तकांचे ढीग, ऑटो, मुंजलांची, म्हणजे ताडगोळ्यांची हातगाडी, सगळं उन्हात तरंगत होतं. "बाबा, खाली बघून चला, पायरी आहे," ती म्हणाली. तिच्या बोटांची पकड नेहमीसारखीच होती. त्यांनी पायरी उतरताना ठरवलं की आपण काही पाहिलं नाही. पण पाहिलेलं परत न पाहिलेलं करता येत नाही, आणि त्यानंतर त्यांना घरभर तेच दिसू लागलं. संध्याकाळी कॉम्प्युटर मिटून ती गच्चीवर जायची, फोनवर बोलायची. एकदा ते वाळलेले कपडे काढायला वर गेले तर ती हसत होती. कठड्याला टेकून, मान मागे टाकून, लग्न होऊन आली तेव्हा हसायची तशी. त्यांची चाहूल लागली आणि हसू थांबलं. "मी काढते ना कपडे, बाबा," म्हणून ती पुढे झाली. त्या हसण्याच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल ते त्यांना ठाऊक होतं. गौतम. तिच्या ऑफिसातला, पुण्याकडचाच, एकदा लग्न होऊन मोडलेला. दोन-तीनदा घरी आला होता. चहा घेऊन कप स्वतः विसळून ठेवायचा, गौरीच्या लेकीला, शर्वरीला गणितं समजावायचा आणि जाताना वाकून नमस्कार करायचा. माणसात खोट काढावी तर सापडत नव्हती, आणि हे त्यांना जास्त टोचायचं.

गौरी पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला आली, ओमकारशी तिची ओळख झाली, आणि अंबरपेठेतल्या त्यांच्या दोन खणी घरात शाकाहारी तोंडाने येऊन पडली. एकनाथरावांची बायको जयवंता तिला म्हणायची, "तुला नाही चालत तर नको खाऊस, पण नाकाला पदर लावू नकोस, मला वाईट वाटतं." वर्षभरात गौरी स्वतःच मासे साफ करायला शिकली. खायला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागली, पण करायला आधी. मग कोविडच्या दुसऱ्या लाटेत ओमकार गेला. शर्वरी तेव्हा नीट बोलायलाही लागली नव्हती. त्याच्या मागोमाग, काही आजार नसताना, जयवंताही गेली. सकाळी चहाला उठली नाही. माहेरचे गौरीला न्यायला आले होते. ती गेली नाही. का गेली नाही हे एकनाथरावांनी विचारलं नव्हतं. विचारलं तर ती विचार करेल आणि विचार केला तर जाईल, अशी भीती त्यांच्या पोटात होती. तिघांचं घर चालू राहिलं. मासे मात्र त्या घरात पुन्हा शिजले नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली आणि एका रात्री जेवताना गौरी म्हणाली, "बाबा, या रविवारी समुद्रावर जाऊ या. सूर्यलंकेला. शर्वरीला कधीचं कबूल केलंय." मग पोळीचा तुकडा मोडत, ताटाकडेच बघत म्हणाली, "गौतमही येईल. तो जातो तिथे गळ टाकायला. तुम्हाला आवडेल." शर्वरी ओरडली, "आबा, तुम्ही बी चलायचं हां! नक्को बोलायचं नाही!" एकनाथराव म्हणाले, "हौ." तिथे लग्नाचं विचारणार, त्यांना वाटलं. घरात विचारता येत नाही, म्हणून समुद्रावर नेऊन विचारणार. पाणी मोठं असलं की माणूस नाही म्हणत नाही, असं काहीतरी या पोरांना वाटत असेल.

शनिवारी दुपारी गौतमच्या गाडीतून निघाले. नलगोंडा मागे पडलं. डोंगरांवरचे गोल धोंडे संपले आणि सपाट, तापलेली जमीन सुरू झाली. एकनाथराव पुढच्या सीटवर बसले होते, मागे मायलेकी. गौतम जपून गाडी चालवत होता, आणि अधूनमधून "काका, एसी जास्त वाटतोय का?" म्हणून विचारत होता. ते नाही म्हणत होते आणि मनात उत्तराची तालीम करत होते. "माझी काही हरकत नाही." हे फार सरकारी वाटलं. "तुमचं तुम्ही बघा." यात राग येतो. "सुखी राहा." हे मेलेल्या माणसाने बोलल्यासारखं. जयवंता असती तर एक शिवी देऊन, एक डोळा पुसून, दोन मिनिटांत मोकळी झाली असती. घरातलं सगळं बोलणं तिच्याकडे होतं, आपल्याकडे नुसतं ऐकणं. आणि बोलून झाल्यावर पुढे काय? अंबरपेठच्या घरात सकाळी उठायचं, चहा एकट्यापुरता टाकायचा. भांडं केवढं घ्यायचं, इथे येऊन त्यांचा विचार अडायचा. एका कपाच्या चहाचं भांडं त्यांच्या घरात नव्हतंच.

बापटल्याला लॉजवर रात्र काढून सकाळी उन्हं कोवळी असतानाच ते किनाऱ्यावर पोहोचले. सुरूच्या झाडांतून वाट होती. झाडांचा आवाज आणि पाण्याचा आवाज एकमेकांत मिसळला होता, त्यामुळे समुद्र दिसायच्या आधी बराच वेळ ऐकू येत होता. मग झाडं संपली. एकनाथराव उभे राहिले. हुसेनसागर त्यांनी जन्मभर पाहिला होता, त्यालाही सागर म्हणतात, पण त्याला पलीकडचा काठ आहे. इथे नजर जाऊन टेकायला काही नव्हतं. मोतीबिंदू काढल्यानंतरची नवी नजर होती, सगळं जरा जास्तच निळं, जास्तच धारदार. लाट उभी राहताना तिच्या पोटात हिरवा उजेड दिसायचा आणि दिसतो न दिसतो तोच ती कोसळायची. त्यांना बरं वाटलं. मग लगेच आपण इथे कशासाठी आलो ते आठवलं आणि बरं वाटणं मागे सरलं.

रविवार असल्यामुळे गर्दी होती, पण ती सगळी वाटेच्या तोंडाशी. गौतम त्यांना बराच पुढे, मोकळ्या वाळूवर घेऊन गेला. माणसाच्या दुप्पट लांबीची काठी त्याने तुकडे जोडून उभी केली, चरकीतून दोरी ओवली, टोकाला शिशाचा गोळा आणि वर दोन गळ. कोळंबी सोलून गळाला लावताना त्याची बोटं नाजूक चालत होती. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात शिरला, काठी पाठीमागे नेली आणि साऱ्या अंगाने पुढे फेकली. चरकी सूं करत उलगडली. गोळा लाटांच्या दोन ओळी ओलांडून तिसरीच्या मागे, कुठेतरी, आवाज न करता बुडाला. "एवढ्या लांब?" एकनाथरावांच्या तोंडून निघून गेलं. गौतम हसला. "लाट फुटते तिच्या मागे खोलगट असतं, काका. तिथे ते चरतात." मांजरा नदीच्या काठी लहानपणी ते बोरूच्या काठीला दोरा बांधून गांडुळावर मासे धरत. तिथे पाण्यात स्वतःचं तोंड दिसायचं आणि माशाचंही. इथे सगळं आंधळं होतं. नुसत्या दोरीवर भरवसा.

थोड्या वेळाने काठीचा शेंडा थरथरला. गौतमने ओढून घेतला तो बोटभर रुंदीचा, वीतभर लांब चंदेरी मासा. शर्वरी नाचायला लागली. त्याने ओल्या हाताने गळ अलगद सोडवला, मासा तिला दाखवला, आणि पाण्यात वाकून सोडून दिला. एकनाथरावांना काही कळेना.

"सोडला?"

"मी खात नाही ना, काका. घरात कुणीच खात नव्हतं."

"मग धरता कशाला?"

गौतमने जरा विचार केला. "दोरीला ओढ लागते ना, तेवढ्यासाठी. विशाखापट्टणमला दोन वर्षं होतो. एकटाच. कुणीतरी शिकवलं. सकाळपासून कुणाशी बोललो नाही तरी दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे असं वाटायचं."

हे तो थट्टेने म्हणाला, पण थट्टा अर्ध्यात सांडली. एकनाथरावांनी काठी मागितली. हातात घेतली तेव्हा ती वाटली त्यापेक्षा हलकी निघाली. दोरी तर्जनीवर घेतली, कापडाचा पोत बघायला घेत तशी, आणि लाट येता-जाता ती ताणते, ढिली होते, ते बोटाला कळू लागलं. गौरी आणि शर्वरी पाण्याच्या कडेने लांब गेल्या होत्या. गौरीने सलवार वर खोचली होती. लाट आली की दोघी हात धरून उडी मारत होत्या. वाऱ्यामुळे त्यांचा आवाज येत नव्हता, नुसती तोंडं उघडताना दिसत होती. आता हा विचारेल, त्यांना वाटलं. मुद्दाम लांब गेल्या आहेत. गौतम शेजारी उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. एक लाट गेली, दुसरी गेली. ते वाट बघणं त्यांना सहन होईना.

"विचारा आता," ते म्हणाले. "काय विचारायचं ते विचारून टाका. मला लांबण लावलेलं आवडत नाही."

गौतमने वळून पाहिलं. "काय विचारू, काका?"

"गौरीचं. त्यासाठीच आणलंत ना मला?"

गौतमच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं. तो खाली वाकला, वाळूत पडलेला कोळंबीचा डबा विनाकारण बंद केला, पुन्हा उघडला. "तिने तुम्हाला सांगितलं नाही का?" तो म्हणाला. "ती नाही म्हणाली. मी विचारलं होतं, मागच्या महिन्यात. तिने नाही म्हटलं. आजचं शर्वरीला कबूल केलं होतं म्हणून आलो. मी पुण्याला बदली मागून घेतलीय. जून संपेपर्यंत जाईन."

"नाही म्हणाली? का?"

"कारण सांगितलं नाही तिने." मग पाण्याकडे बघत, "मी विचारलंही नाही. मला कळलं."

एकनाथरावांनाही कळलं. आणि सगळ्यात आधी त्यांना आनंद झाला. तो त्यांनी बोलावला नव्हता. पायांतून वर आला, उन्हात तापलेलं पाणी नळातून एकदम यावं तसा. चहाचं मोठं भांडं शेगडीवर तसंच राहणार. शर्वरी शाळेतून येऊन दप्तर त्यांच्याच खाटेवर फेकणार. कुणी कुठे जात नाही. आपल्याला काही म्हणायची गरज नाही, काही करायची गरज नाही. नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसणं आपल्याला येतं. वारा गार लागला, त्यांना भूकही लागली. मग शेजारी उभ्या माणसाचे पाय दिसले, घोट्यापर्यंत वाळूत गेलेले; लाट परतताना पायाखालची वाळू काढून नेत होती आणि तो न हलता थोडा थोडा खचत होता. तेव्हा त्यांना दवाखान्यातलं ते थांबणं नव्याने समजलं. ती जायचं ठरवत नव्हती. न जाण्याचं ठरवून आली होती, आणि त्या प्रश्नापाशी आपण काय ठरवलं ते तिने एकदा चाचपून बघितलं होतं. सौदा मोडला होता, तोही त्यांच्यासाठी, आणि ते मात्र आपल्याला सोडून जाणार म्हणून तिच्यावर मनातून रुसले होते. ती रात्री सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवते, ते त्यांना आठवलं. बस ना, असं त्यांनी कितीदा म्हटलं होतं? बहुधा कधीच नाही. जयवंताही उभ्यानेच जेवायची, म्हणून त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. आनंद अजून अंगात होता. तो जात नव्हता. त्याच्याबरोबर उभं राहणं त्यांना कठीण होऊ लागलं.

तेवढ्यात दोरीने बोट कापलं. आधीच्यासारखी थरथर नव्हती. कुणीतरी दोरी मुठीत धरून चालायला लागावं तशी ओढ. काठी वाकली, चरकी किंचाळली. "काका, धरून ठेवा! ढील द्या, ढील द्या!" गौतम ओरडला. एकनाथराव पुढे गेले, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. पाणी पायजम्यात शिरलं. लांबून शर्वरी धावत येताना दिसली, तिच्या मागे गौरी, ओढणी हातात. आणि आडवी एक लाट आली. त्यांचे पाय सुटले. क्षणभर हिरवा उजेड, तोंडात मीठ, कानात घों घों, आणि काठी मात्र हातात घट्ट. काठी सोडायला हवी हे सुचलंच नाही. मग मागून दोन हात आले आणि कमरेला मिठी घालून त्यांना सरळ उभं केलं. गौतमची छाती त्यांच्या पाठीला भिडली होती, तो धापा टाकत होता, त्याच्या काळजाचे ठोके त्यांना पाठीवर मोजता आले असते. "सोडा ती काठी, जाऊ दे मासा," तो कानाशी म्हणाला. "नाही सोडत," एकनाथराव म्हणाले. ओमकार गेल्यानंतर त्यांना कुणी असं धरलं नव्हतं. गौरी दंड धरायची, शर्वरी गळ्यात पडायची. पण पाठीमागून, सगळा भार घेऊन, पुरुषाच्या ताकदीने कुणी नाही. ते क्षणभर त्या हातांवर रेलले. मुद्दाम रेलले, गरज होती त्यापेक्षा जरा जास्तच. मग दोघे तसेच, चार पायांच्या जनावरासारखे, मागे मागे सरकत वाळूवर आले, आणि त्यांच्याबरोबर मासा आला.

हातभर होता. चंदेरी, फिकट पिवळ्या परांचा, हनुवटीखाली मिशांसारखे बारीक दोरे. "रावस," गौतम म्हणाला. "एवढा मला कधी लागला नाही." शर्वरी मासा बघायचा सोडून आजोबांच्या ओल्या पायांना मिठी मारून रडत होती आणि रडता रडता "आबा, फिश किती बडी आहे!" म्हणत होती. गौरी धापा टाकत पोचली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, मोडलंबिडलं काही नाही ना असं, मग गौतमकडे, मग वाळूकडे. गौतमने हात ओले केले, गळ काढायला बसला आणि सवयीने म्हणाला, "सोडू या ना, काका?"

"सोडायचा कशाला? घरी न्यायचा."

"बाबा," गौरी म्हणाली, "घरी... कोण करणार?"

"तू करशील. नाहीतर मी करतो. मला येतो तसा करतो."

गौतमने बर्फाच्या पेटीतल्या पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि माशाला जागा केली. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं असावं. मासा शांत होईपर्यंत तो दुसरीकडे बघत होता.

गौरीने त्यांना सुरूच्या सावलीत नेलं. टॉवेल दिला, कोरडा सदरा दिला. शर्वरी मुंजलवाल्या बाईपाशी उभी राहून ती कोयत्याने फळं कशी फोडते ते बघत होती. गौरी खाली बसली आणि त्यांच्या पायजम्याच्या टोकातलं पाणी पिळून काढू लागली. आधी एका पायाचं, मग दुसऱ्याचं.

"गौतमने सांगितलं मला," ते म्हणाले. "तू नाही म्हणालीस ते."

तिचे हात थांबले नाहीत. "तुमच्यामुळे नाही, बाबा."

"मग?"

"सगळं तुमच्यामुळेच असतं असं नाही हो." आवाज चिडका होता, आणि चिडल्यामुळे लहान मुलीचा वाटत होता. "तो म्हणतो गच्चीबावलीला मोठा फ्लॅट घेऊ, बाबांनाही नेऊ. तुम्ही टिकाल तिथे? कोण आहे तुमचं तिथे? आणि माझं तरी कोण आहे? मी एकदा घर सोडलं. पुण्याचं. हसत सोडलं, ओमकारसाठी. त्यानंतर जे घर मिळालं ते माझं झालं. आईंनी मला त्या ओट्याशी उभं करून सगळं शिकवलं. ओमकार त्या घरातून गेला, आई गेल्या. आता मी पण उठून जायचं? दरवेळी बाईनेच का घर सोडायचं? मला नाही सोडायचं. म्हणून नाही म्हटलं. यात तुम्ही आहात, पण तुम्ही एकटे नाही."

एकनाथराव तिच्या डोक्याकडे बघत राहिले. भांगाजवळ दोन-तीन केस पांढरे झाले होते. इतकं बोललेली ती त्यांनी कधी ऐकली नव्हती. सगळी तालीम केलेली वाक्यं त्यांना आठवली आणि सगळी दुसऱ्याच कुणासाठी शिवलेली वाटली, अंगाला न बसणारी.

"त्याला विचारलंस का," ते म्हणाले, "तो इकडे येतो का म्हणून?"

"कुठे?"

"आपल्या घरी."

आता तिचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. "वर?" ती म्हणाली.

वरची खोली ओमकारची. त्याचे शर्ट अजून तिथल्या कपाटात होते. ते शर्ट एकनाथरावांनीच कापड निवडून शिवून घेतलेले; प्रत्येकाचा पोत त्यांना अंधारातही सांगता आला असता. दर रविवारी ते वर जात, खिडक्या उघडत, कपाटाचं दार उघडत, बंद करत. त्या खोलीत दुसऱ्या माणसाची चप्पल, दुसऱ्या माणसाचं खोकणं. त्यांनी ते डोळ्यांपुढे आणून पाहिलं. दुखलं. जिथे दुखायला हवं तिथेच दुखलं, आणि सहन होण्याइतकंच. "वरच," ते म्हणाले. "शर्ट मी खाली घेतो. माझ्या कपाटात जागा आहे."

"बाबा, जग काय म्हणेल? सासऱ्याच्या घरी सुनेचा..." तिला पुढचा शब्द सापडेना. तसा शब्दच नव्हता.

"म्हणू दे. शब्द सापडेपर्यंत म्हणणार तरी काय?"

ती हसली की रडली ते कळलं नाही. कपाळ तिने त्यांच्या ओल्या गुडघ्याला टेकवलं होतं. तिथूनच म्हणाली, "पण मी नाही विचारणार. मी एकदा नाही म्हटलंय. मला आता तोंड नाही." एकनाथरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाळू लागली हाताला, आणि मीठ.

ऊन चढलं होतं. गौतमने काठीचे तुकडे सुटे केले होते आणि एकेक फडक्याने पुसून पिशवीत घालत होता. शर्वरी मुंजल खात त्याच्याजवळ येऊन बसली होती. एक गर तिने त्याच्यापुढे धरला, त्याने हात खराब आहेत म्हणून तोंड पुढे केलं आणि तिने तो भरवला. गौरी तिच्या मागे बसून तिची ओली वेणी सोडू लागली. एकनाथराव चालत आले. वाळूतून चालायला वेळ लागला. ते गौतमसमोर उभे राहिले आणि काय बोलायचं ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं. काउंटरवर ते कधी, घेता का, असं विचारत नसत. कापडाचं ठाण उलगडून पुढ्यात टाकायचं, बस.

"अंबरपेठला पाणी एक दिवसाआड येतं," ते म्हणाले.

गौतमने मान वर केली. "हो का?"

"पहाटे येतं. अंधारातच. उठून मोटर लावावी लागते. टाकी भरली की लगेच बंद करायची, नाहीतर खाली तळं होतं. आजवर मी उठत होतो. आता माझ्याच्याने जिना होत नाही."

"आपोआप बंद होणारा स्विच मिळतो, काका. मी जायच्या आधी येऊन बसवून देईन."

"स्विच नक्को." त्यांनी बर्फाच्या पेटीकडे बोट केलं. "घरात मासे शिजतात. वास येतो. तो सोसायला लागेल. खायची सक्ती नाही." ते थांबले. "पहाटे उठशील का तू?"

आजवर ते त्याला तुम्ही म्हणत आले होते. गौरीची बोटं वेणीत थांबली. गौतमच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याने एकनाथरावांकडे पाहिलं, मग शर्वरीच्या डोक्यावरून गौरीकडे. ती खाली बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते, आणि तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते लांबून कळलं नसतं, पण गौतम लांब नव्हता. त्याने फडकं वाळूत ठेवलं.

"रोज?" त्याने विचारलं.

"एक दिवसाआड म्हटलं ना," एकनाथराव म्हणाले. "नीट ऐकत जा जरा."